दर्याचे पंचांग

समुद्रावर रोज दिसणारी जवळजवळ प्रत्येक लाट वाऱ्याने उठवलेली असते. भरती-ओहोटी चंद्र-सूर्याची आणि त्सुनामी भूकंपाची, पण होडी हलवणारी आणि खलाशाला आडवा पाडणारी लाट वाऱ्याचीच. ती किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरते: वारा किती जोराचा आहे, किती वेळ वाहतो आहे आणि किती लांबवर मोकळ्या पाण्यावरून वाहत आला आहे. या तिसऱ्या गोष्टीला दर्याशास्त्रात ‘फेच’ म्हणतात. मराठीत तिला वाऱ्याची धाव म्हणता येईल. एखादा समुद्र वर्षानुवर्षे खवळलेला का आणि शेजारचा शांत का, याचे निम्मे उत्तर या धावेत आहे.

वाऱ्याला वेळ आणि धाव दोन्ही पुरेशी मिळाली, तर वाऱ्याचा वेग दुप्पट झाल्यावर लाटेची उंची दुप्पट नाही, जवळपास चौपट होते. ताशी ३५ किलोमीटरचा वारा मोकळ्या समुद्रावर दोन मीटरची लाट उठवतो, तर ताशी ७० किलोमीटरचा आठ मीटरची. त्यासाठी जोराच्या वाऱ्याला एक-दोन दिवस सतत वाहावे लागते आणि शेकडो किलोमीटर मोकळे पाणी लागते. उजनीच्या जलाशयावर कितीही वादळ झाले तरी तिथे आठ मीटरची लाट उठणार नाही, कारण तिथे धावच नाही. म्हणून उजनी सुरक्षित, असे मात्र नाही. मे २०२४ मध्ये तिथे अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली आणि सहा जण बुडाले. लाटा लहान असतात, पण एकामागोमाग एक, जवळजवळ आणि उभ्या येतात. लहान होडीला तेवढे पुरते.

लाटेच्या उंचीचा हिशोबही नीट समजून घ्यावा लागतो. हवामानाच्या अंदाजात ‘लाटांची उंची तीन मीटर’ असे लिहिलेले असते, ती सगळ्यात मोठ्या लाटेची उंची नसते. समोरून जाणाऱ्या लाटांतल्या सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. साधारण हजार लाटांमागे एखादी लाट या आकड्याच्या जवळपास दुप्पट निघते. आठ-आठ सेकंदांनी लाट येत असेल, तर हजार लाटा जायला सव्वादोन तास लागतात. म्हणजे तीन मीटरच्या अंदाजावर सकाळी निघालेल्या होडीला दुपारच्या जेवणाआधी साडेपाच-सहा मीटरची एक लाट भेटणार, हे धरून चालावे. त्यात अघटित असे काही नाही. १ जानेवारी १९९५ रोजी नॉर्वेजवळच्या उत्तर समुद्रात ड्रॉप्नर नावाच्या फलाटावरच्या यंत्राने २५.६ मीटरची लाट नोंदवली. त्या वेळी वरच्या हिशोबाने तिथल्या लाटांची उंची सुमारे बारा मीटर होती. खलाशांच्या गप्पांतली ‘भिंतीसारखी लाट’ त्या दिवशी पहिल्यांदा आकड्यात आली.

मुंबईकरांचा या बाबतीत दरवर्षी एक गोंधळ होतो. पावसाळ्यात साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी प्रसिद्ध होते आणि दुसऱ्या दिवशी बातमीचा मथळा येतो: साडेचार मीटरच्या लाटा उसळणार. तो आकडा भरतीच्या पाण्याच्या पातळीचा असतो, लाटेचा नसतो. वारा पडलेला असेल तर त्याच साडेचार मीटरच्या भरतीत मरीन ड्राइव्हचे पाणी संथ दिसू शकते. वारा असेल तर लाटा त्या पातळीच्या वर उठतात. गटारांची तोंडे बुडतील की नाही हे भरतीचा आकडा सांगतो, समुद्रात जावे की नाही हे लाटेचा. दोन्ही एकच समजल्याने कुणी बुडत नसेल, पण कळत मात्र काहीच नाही.

उंच लाट धोक्याचीच असते असेही नाही. होडीच्या दृष्टीने खरा प्रश्न लाट किती उभी आहे हा असतो. दोन लाटांमधला वेळ सहा सेकंद असेल, तर खोल पाण्यात एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंतचे अंतर सुमारे ५६ मीटर असते. तोच वेळ चौदा सेकंद असेल तर हे अंतर तीनशे मीटरवर जाते. तीन मीटर उंचीची, तीनशे मीटर लांबीची लाट होडीखालून जाते तेव्हा ती आधी हळूच वर जाते आणि मग हळूच खाली येते. आतल्या माणसाला चहाचा पेला धरून बसता येते. तीच तीन मीटरची उंची ५६ मीटरच्या अंतरात आली की होडीचे नाक आपटू लागते. पुढे उंची लांबीच्या एक-सप्तमांशावर पोचली की लाट उभी राहूच शकत नाही, ती फुटते. फुटलेल्या लाटेचे पाणी नुसते वर-खाली होत नाही, ते पुढे धावते आणि होडीच्या कुशीत येऊन आदळते.

खोल समुद्रात आडवी पडलेली लाट उभी करण्याचे काम दोन गोष्टी करतात: उथळ पाणी आणि समोरून येणारा प्रवाह. लाटेचा परिणाम खाली तिच्या लांबीच्या निम्म्यापर्यंत पोचतो. समुद्राचा तळ त्याहून वर आला की लाटेचा पाय अडतो, ती आखडते आणि उंच होते. दोन मीटरची लाट अडीच मीटर पाण्यात आली की फुटलीच. प्रवाहाचेही तसेच. लाट एका दिशेने आणि पाणी तिच्या तोंडावर वाहत असेल, तर लाटा दाटीने येतात आणि उभ्या राहतात.

या दोन्ही गोष्टी एका जागी पाहायच्या असतील तर कोकणातले कुठलेही खाडीमुख पाहावे. बाणकोट, आंजर्ले, दाभोळ, जयगड, राजापूर: खाडी समुद्राला मिळते तिथे बहुतेक ठिकाणी वाळूचा दांडा साचलेला असतो. ओहोटीला खाडीचे पाणी बाहेर धावते, पावसाळ्यात त्यात नदीच्या पुराची भर पडते आणि समोरून नैऋत्येची लाट येते. दांड्यावर पाणी पांढरे होते. परतणारा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, अशा वेळी दांड्याच्या बाहेर इंजिन चालू ठेवून थांबतो. लाटा जथ्याने येतात: चार-पाच मोठ्या, मग काही लहान. तो उभा राहून मागे पाहत असतो, पुढे नाही. मोठ्या जथ्यातली शेवटची लाट होडीखालून पुढे गेली की तिच्या पाठीवर होडी ठेवून तो आत शिरतो, लाटेच्या पुढे जायचे नाही आणि मागच्या लाटेला गाठू द्यायचे नाही अशा बेताने. नवखा माणूस घाई करतो, लाटेच्या तोंडावर येतो, होडी आडवी होते. जाणता तांडेल अनेकदा जथ्यांचा हा खेळच टाळतो. भरती लागेपर्यंत तासभर बाहेर थांबतो. भरतीला पाणी लाटेच्याच दिशेने आत येते, दांड्यावर खोली वाढते आणि तोच दांडा ओळखूही येत नाही.

१७ जुलै १९४७ रोजी सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आषाढी अमावास्या तोंडावर होती, म्हणजे दिवस उधाणाचे होते. वारा-पाऊस आला, एका मोठ्या लाटेने बोट कलली, भिजणारे उतारू एका बाजूला धावले आणि बोट सावरली नाही. धक्क्यापासून रेवस तासा-दीड तासाचे अंतर. दर्याच्या नकाशावर हा भाग मोकळा समुद्रही नाही, बंदराचे तोंड आहे. पण बंदराच्या तोंडाशीच पाणी उथळ असते, प्रवाह जोराचा असतो आणि जुलैत बाहेरची लाट आत येते.

ही जुलैची लाट येते कुठून, हे समजायला अरबी समुद्राच्या पलीकडे जावे लागते. उन्हाळ्यात आशिया खंड तापतो आणि उत्तर भारत-पाकिस्तानावर हवेचा दाब उतरतो. त्याच वेळी दक्षिण गोलार्धात मादागास्करच्या पूर्वेला, मस्कारीन बेटांच्या आसपास, हवेचा दाब जास्त असतो. तिथून निघालेला वारा विषुववृत्त ओलांडतो. वाटेत पूर्व आफ्रिकेचे डोंगर त्याला पश्चिमेकडे पसरू देत नाहीत. घाटात अडलेल्या वाऱ्यासारखा तो या डोंगरांच्या कडेने दाटतो, सोमालियाच्या किनाऱ्याला समांतर वळतो आणि अरबी समुद्रावर सुटतो. जमिनीपासून दीड किलोमीटर उंचीवर वाहणाऱ्या या झोताचे वर्णन ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये केले, म्हणून त्याला फिंडलेटर झोत असेही म्हणतात. त्याच्या खाली समुद्राच्या पृष्ठभागावर जून-जुलैत ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपासचा वारा आठवडेच्या आठवडे वाहत राहतो. सोमालियाच्या शिंगापासून रत्नागिरीपर्यंत त्याला सुमारे अडीच हजार किलोमीटर मोकळे पाणी मिळते. जोर, वेळ आणि धाव या तिन्ही गोष्टी एकाच ऋतूत आणि एकाच दिशेने जुळून येतात. असे फार थोड्या समुद्रांच्या वाट्याला येते.

पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर उभे राहणाऱ्याला वाटते की सगळ्यात खवळलेला समुद्र आपल्यापुढचाच. तसे नाही. जुलैत अरबी समुद्राचा सर्वांत वाईट भाग पश्चिमेला, सोकोत्रा बेट आणि सोमालियाच्या पूर्वेला असतो. तिथे वारा सर्वांत जोराचा असतो. त्यातच सोमालियाचा सागरी प्रवाह या दिवसांत उत्तरेकडे उलटतो आणि जगातल्या सर्वांत वेगवान प्रवाहांत गणला जातो. जुन्या काळी सोकोत्रा जून ते सप्टेंबर जगापासून तुटलेलेच असे. बंगालच्या उपसागरातही नैऋत्येचा वारा असतो, पण तितका एकवटलेला नसतो. तिथला धोका मुख्यतः चक्रीवादळांचा. अरबी समुद्राच्याच काठी, केरळात अलाप्पुळाच्या बाजूला, ऐन पावसाळ्यात किनाऱ्याजवळचा काही भाग काही दिवस संथ होतो. तळाचा मऊ चिखल ढवळला जाऊन लाटेची शक्ती गिळतो. या भागाला तिथले लोक ‘चाकरा’ म्हणतात. सगळा समुद्र बंद असताना त्या पट्ट्यात होड्या उतरतात आणि मासळीची लूट होते. खवळलेला समुद्र म्हणजे अखंड एकसारखा समुद्र नव्हे, याचा याहून चांगला दाखला सापडणार नाही.

समुद्राला ऋतू असतो आणि त्या ऋतूत तो बंद असतो, ही कल्पना फार जुनी आहे. भूमध्य समुद्रात रोमन लोक ११ नोव्हेंबर ते १० मार्च समुद्र बंद मानत, कारण तिथली वादळे हिवाळ्यात येतात. अरबी समुद्राचे कुलूप उन्हाळ्याच्या शेवटी लागते. अरब नाखवांच्या भाषेत याला ‘समुद्र मिटणे’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग होता. पंधराव्या शतकातल्या इब्न माजिदने आपल्या नौकानयनाच्या ग्रंथात कोणत्या बंदरातून कोणत्या दिवसापर्यंत निघता येते याचा तपशील दिला आहे. त्यातली मेख अशी: पूर्वेकडे, म्हणजे हिंदुस्थानकडे, येण्यासाठी नैऋत्येचाच वारा हवा, पण तो ऐन भरात असताना नको. म्हणून वर्षात दोन फटी सापडतात. वारा सुरू झाला आहे पण पेटलेला नाही, ती एप्रिल-मेची आणि वारा उतरू लागला आहे पण थांबलेला नाही, ती ऑगस्टअखेर ते सप्टेंबरची. परत जायला नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा ईशान्येचा वारा. तो कोरडा आणि मवाळ असतो.

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरे आहेत. इजिप्तहून हिंदुस्थानकडे निघायला जुलै योग्य, असेही त्यात म्हटले आहे. ऐन पावसाळ्यात कसे, असा प्रश्न पडतो. पण जुलैत तांबड्या समुद्राच्या वरच्या भागात उत्तरेचा वारा असतो, तो जहाजाला खाली घेऊन येतो. एडनच्या बाहेर पडेपर्यंत ऑगस्ट उजाडतो आणि मोकळा समुद्र ओलांडून किनारा दिसेपर्यंत सप्टेंबर. तारीख निघण्याची दिली होती, हिशोब मात्र पोचण्याचा होता.

हा हिशोब न पाळल्याची किंमत वास्को द गामाच्या एकाच सफरीत दोन्ही बाजूंनी दिसते. २४ एप्रिल १४९८ रोजी तो आफ्रिकेच्या मालिंदी बंदरातून निघाला. मालिंदीच्या राजाने दिलेला जाणता वाटाड्या सोबत होता आणि वारा एप्रिल-मेच्या फटीतला होता. २० मे रोजी तो कालिकतजवळ पोचला, म्हणजे चार आठवड्यांच्या आत. परतताना कालिकतशी बिनसले आणि तो २९ ऑगस्टला निघाला. किनाऱ्याने वर सरकत तो कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थांबला, तिथे गलबते दुरुस्त केली आणि ५ ऑक्टोबरला पश्चिमेकडे शीड उभारले. तेव्हा नैऋत्येचा वारा पुरता गेला नव्हता आणि ईशान्येचा सुरू झाला नव्हता. कधी समोरून वारा, कधी वाराच नाही. आफ्रिकेचा किनारा दिसायला २ जानेवारी १४९९ उजाडला. जाताना चार आठवड्यांच्या आत ओलांडलेल्या समुद्राला परतताना तीन महिने लागले. या तीन महिन्यांत सुमारे तीस माणसे स्कर्व्हीने गेली आणि उरलेल्यांतली प्रत्येक जहाजावर सात-आठच कामाला उभी राहू शकत होती. तीन जहाजे हाकायला माणसे उरली नाहीत म्हणून ‘साव राफाएल’ जाळून टाकावे लागले. इथे समुद्र खवळलेला नव्हता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अंजदीवला आणखी पाच-सहा आठवडे थांबला असता तर ईशान्येचा वारा मिळाला असता.

मराठ्यांच्या आरमाराला लांबची सफर नव्हती, पण पावसाळा होताच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात पावसाळी छावणीचे नियम अगदी व्यवहारी आहेत. दर्या खवळण्याच्या आठ-पंधरा दिवस आधीच आरमार आत घ्यावे, किल्ल्याचा आधार असलेल्या बंदरात ठेवावे, दरवर्षी एकाच बंदरात ठेवू नये आणि सगळे आरमार एका जागी तर मुळीच ठेवू नये. शेवटचे दोन नियम शत्रूसाठी आणि गावकऱ्यांसाठी आहेत, पहिला केवळ समुद्रासाठी. आठ-पंधरा दिवस आधी, हा शब्द महत्त्वाचा. समुद्र खवळल्यावर आत यायचे म्हटले तर वाटेत खाडीचा तोच वाळूचा दांडा असतो.

कोकणातल्या होड्या आजही त्याच हिशोबाने वर घेतल्या जातात. आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, जवळ आली की लाकडी ओंडक्यांवरून होडी ओढून उधाणाच्या रेषेच्या वर आणतात, इंजिन काढून घरी नेतात, जाळी सुकवून बांधतात आणि होडीवर नारळाच्या झावळ्यांची झापे किंवा आता निळे प्लास्टिक घालून ती शाकारतात. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. तिचे कायदेशीर कारण माशांच्या विणीचा काळ हे आहे. समुद्राच्या दृष्टीनेही ती बरोबर महिन्यांवर पडते, फक्त थोडी लवकर संपते.

पावसाळ्याच्या दोन्ही कडा जास्त फसव्या असतात. मे महिना आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचे दिवस. जुलैचा समुद्र रोजच वाईट असतो, म्हणून त्यात कुणी जात नाही. नोव्हेंबरचा समुद्र तलावासारखा असतो, सगळ्या होड्या बाहेर असतात आणि मग एक दिवस उजाडतो. नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली ‘वैतरणा’ आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत आणि गुजरातेत तिची गाणी झाली. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये जमिनीवर आले. बाहेर असलेले कोकणातले अनेक मच्छीमार परतले नाहीत. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार वादळ किनाऱ्याला न लागताच पश्चिमेकडे गेले, तरी परराज्यांतल्या नौकांनी देवगड बंदर भरून गेले होते. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात बॉम्बे हाय तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा तराफा बुडाला. त्यावरचे सत्तरहून अधिक कामगार दगावले. वादळाचा इशारा काही दिवस आधीपासून होता. वादळाच्या ऋतूत समुद्र छान दिसतो, हीच त्याची खोड.

अरबी समुद्र वर्षातले तीन-चार महिने खवळतो. दक्षिण महासागर बाराही महिने खवळलेला असतो आणि त्याचे कारण नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. दक्षिणेकडे चाळीस अंशांच्या खाली जमीन जवळजवळ संपते. दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या, हॉर्न भूशिराच्या, खाली तर पृथ्वीला पूर्ण फेरी मारणारे पाणीच पाणी आहे. पश्चिमी वाऱ्यांना तिथे धावेची मर्यादाच नाही. शिडाच्या जहाजांच्या काळापासून या पट्ट्यांना ‘गर्जणारे चाळीस’ आणि ‘खवळलेले पन्नास’ अशा अर्थाची नावे आहेत. हॉर्नजवळ आणखी एक गोष्ट घडते. हजारो मीटर खोल समुद्रात तयार झालेल्या लाटा भूशिराजवळच्या उथळ कट्ट्यावर चढतात आणि कोकणातल्या वाळूच्या दांड्यावर जे होते ते इथे शंभरपट मोठ्या मापाने होते. १७८८ मध्ये ‘बाउंटी’ जहाजाचा कप्तान ब्लाय हॉर्नला पश्चिमेकडे वळसा घालायला महिनाभर धडपडला. इंग्लंडहून निघायलाच उशीर झाला होता आणि तो तिथे पोचला तेव्हा दक्षिणेचा हिवाळा दाराशी होता. एप्रिलअखेर त्याने जहाज उलटे फिरवले आणि आफ्रिकेला वळसा घालून, अर्ध्या जगाचा फेरा मारून, ताहितीला गेला. हॉर्नचा बरा काळ डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे तिथला उन्हाळा. बरा एवढाच त्याचा अर्थ, शांत नव्हे.

आफ्रिकेच्या टोकाला गोष्ट वेगळी आहे. तिथे वाऱ्यापेक्षा प्रवाहाची करामत मोठी. हिंदी महासागराचे उबदार पाणी घेऊन अगुल्हास प्रवाह दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने नैऋत्येकडे धावतो, काही ठिकाणी ताशी आठ-नऊ किलोमीटर वेगाने. थंड हवेची आघाडी आली की वारा एकदम नैऋत्येकडून, म्हणजे प्रवाहाच्या तोंडावर, सुटतो आणि पुढे खळगा व मागे कडा अशा लाटा उठतात. १९०९ च्या जुलैत ‘वाराटा’ हे मोठे प्रवासी जहाज दोनशेहून अधिक माणसांसह इथे गेले आणि त्याचा अवशेषही मिळालेला नाही. इथल्या खलाशांचा उपाय साधा आहे: नैऋत्येचा वारा सुटला की किनाऱ्याजवळच्या कमी खोल पाण्यात सरकायचे. प्रवाहाचा जोर तिथे नसतो. उथळ पाणी टाळा, हा सगळ्या जगाचा नियम इथे उलटा होतो.

भारतीय नौदलाच्या शिडाच्या जगप्रदक्षिणा या सगळ्या पंचांगांची जुळणी करूनच झाल्या. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले, नारळी पौर्णिमेनंतर दोनच आठवड्यांनी, आणि मे २०१० मध्ये परतले. अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला निघाले आणि मार्चअखेर परतले, तेही कुठे न थांबता. त्याच कारखान्यातल्या ‘तारिणी’वरून सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ ला परतल्या. दोनच महिला अधिकाऱ्यांची दुसरी सफर २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ अशी झाली. तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की योजना उघडी पडते. ऐन पावसाळा उतरल्यावर निघायचे, हॉर्नला जानेवारीच्या आसपास पोचायचे आणि अरबी समुद्र पुन्हा बंद होण्याआधी घरच्या बंदरात शिरायचे. दक्षिणेचा उन्हाळा आणि कोकणची आगोट, या दोन्हींच्या मध्ये सगळी पृथ्वी बसवायची असते.

त्या दक्षिण महासागराचा कोकणाशी एक थेट संबंधही आहे. तिथल्या वादळांनी उठवलेल्या लांब लाटा पाच-सहा दिवसांत उत्तरेकडे प्रवास करून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येतात. इथे वारा नाही, ढग नाही, एप्रिल-मेचे निरभ्र आकाश, आणि अचानक पाणी वाळूवरून वर चढते. केरळात याला ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोर समुद्र, म्हणतात. हैदराबादचे इन्कॉइस हे केंद्र आता याचा इशारा देते. मे २०२४ च्या सुरुवातीला कोकण किनाऱ्यालाही तो दिला गेला होता.

निघायचा दिवस ठरवताना आज तांडेलाच्या हातात इन्कॉइसचा लाटांचा अंदाज असतो, हवामान खात्याचा इशारा असतो आणि बंदरावरचा बावटा असतो. तीन नंबरचा बावटा लागला की बंदराला वादळी वाऱ्याचा धोका आहे, हे कोकणात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. अंदाज वाचताना उंचीबरोबर दोन लाटांमधल्या सेकंदांचा आकडाही पाहावा. दीड मीटर उंची आणि पाच सेकंद हा लहान होडीसाठी वाईट दिवस, तर दीड मीटर आणि बारा सेकंद हा खोल पाण्यात बरा, पण खाडीच्या तोंडाशी धोक्याचा. ऑक्टोबर ते मे या उघड्या महिन्यांतही दिवसाचे दोन भाग असतात. पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो आणि पाणी सपाट असते. दुपारी खारा वारा सुटतो, त्याला वायव्येच्या वाऱ्याची जोड मिळते आणि चार वाजता समुद्रावर पांढरे तुरे दिसतात. शिडाच्या होड्या मतलईवर बाहेर पडत आणि खाऱ्या वाऱ्यावर घरी येत. मालवणला सिंधुदुर्गावर किंवा मुरूडला जंजिऱ्यावर जाणाऱ्या पर्यटकाने सकाळची होडी धरावी, ती याच कारणाने.

नारळी पौर्णिमेला समुद्र उघडतो असे मानतात. पौर्णिमा चांद्र महिन्याची, वारा सूर्याच्या ऋतूचा. अधिक महिन्यामुळे ही पौर्णिमा पुढे-मागे सरकते: २०२० साली ती ३ ऑगस्टला होती, २०२३ साली ३० ऑगस्टला. ३ ऑगस्टला अरबी समुद्रावर वारा अजून भरात असतो, ३० ऑगस्टला तो उतरलेला असतो. ज्या वर्षी पौर्णिमा लवकर येते त्या वर्षी नारळ त्याच दिवशी वाहावा आणि होडी आणखी दोन आठवडे शाकारलेलीच ठेवावी.